दिवा चालू असल्याची तक्रार

आमच्या गल्लीत उजेड आणल्याबद्दल माझा जाहीर सत्कार झालेला आहे. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, चहा-बिस्किटं होती, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी माझ्या हातात पुष्पगुच्छ देऊन 'अंधाराशी एकट्याने झुंजलेला माणूस' असं माझं वर्णन केलं. टाळ्या झाल्या. मीही मान लववून त्या स्वीकारल्या. वास्तविक त्या दिवसांत मला जगात एकाच गोष्टीची आस लागली होती, आणि ती म्हणजे अंधार. फार नको, गच्चीपुरता. पण हातात फुलं आणि समोर शेजारी असले की भल्याभल्यांना खरं बोलता येत नाही, तिथे माझी काय कथा.

हे सगळं झालं एका शेपटापायी.

शेपूट म्हटल्यावर लोकांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं ते माझ्या पूर्ण परिचयाचं आहे, म्हणून आधीच खुलासा करतो. आकाशात एक दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे अगणित ताऱ्यांचं एक गावच समजा. ही आपल्याला कडेने दिसते, त्यामुळे सूत कातायच्या चातीसारखी, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती. फार पूर्वी एक छोटी दीर्घिका तिच्या जवळून जायला निघाली. मोठीने तिला ओढलं. छोटी विस्कटली आणि जाता जाता तिचे तारे वाटेवर सांडत गेले. ती छोटी आता नाही. तिची वाट तेवढी उरली आहे, मोठीभोवती एक वळण घेऊन गेलेली, इतकी पुसट की आहे म्हटलं तर आहे आणि नाही म्हटलं तर कुणी भांडायला येणार नाही. त्या वाटेला आम्ही शेपूट म्हणतो. आम्ही म्हणजे मी आणि ताई.

ताई माझी मोठी बहीण. जमीन मोजणीच्या ऑफिसात तिने जन्मभर हाताने नकाशे काढले. नद्या, बांध, टेकड्यांच्या उंचीच्या रेघा. तिची रेघ कधी हलली नाही असं तिच्या ऑफिसात अजून सांगतात. लहानपणी भाड्याच्या घराच्या छपरावर बसून तिने मला तारे ओळखायला शिकवलं, आणि वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकात या दीर्घिकेचा फोटो दाखवून म्हणाली होती, "छोट्या, हे शेपूट एकदा आपल्या घरावरून बघायचं हं." मी पन्नाशी ओलांडली, पोट माझ्या पुढे चालू लागलं, पण ताईच्या लेखी मी छोट्याच आहे, आणि शेपूट बघायचं राहिलंच होतं.

निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली आणि मागोमाग तिच्या डोळ्यांचं निघालं. नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग. ज्याच्याकडे सरळ पाहावं तेच नाहीसं होतं, कडेचं मात्र दिसत राहतं. डाव्या डोळ्यातलं मधलं सगळं गेलं होतं. उजव्यात थोडं शिल्लक होतं, ते किती टिकेल असं विचारल्यावर डॉक्टर "बघू या" म्हणाले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तरी हा शब्द वापरू नये असं माझं मत आहे. ताई आता आपल्याशी बोलताना तोंड बाजूला वळवते, कारण तसं केलं तरच तिला आपण दिसतो. सेक्रेटरींचा समज असा की ती त्यांच्या कारभारावर नाराज आहे.

दवाखान्यातून परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, म्हणजे माझ्याचकडे बघत होती. म्हणाली, "छोट्या, ते शेपूट राहिलंच की रे."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. दुकानातून येताना काही आणायचं राहून जावं तसं ती म्हणाली. त्याच आठवड्यात मी दुर्बीण आणली, आणि तिला जोडायला एक कॅमेरा.

बायकोने खोक्याचा आकार पाहिला, मग आमच्या बाहेरच्या खोलीचा आकार पाहिला आणि म्हणाली, "यातलं एक काहीतरी बाहेर ठेवा." पण म्हणताना तिने सोफा भिंतीकडे सरकवायला घेतला होता. आमच्या घरात परवानगी अशीच मिळते.

आता माझ्या पात्रतेबद्दल. मी बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. माझ्यासमोरून पट्ट्यावर बुचं जातात आणि ज्याच्यावर ओरखडा, खरवड किंवा रंगाचा फरक असेल ते मी उचलतो. दुसऱ्या कुणाला भिंगातून दिसत नाही ते मला नुसत्या डोळ्यांनी दिसतं, हे आमचे मॅनेजर परक्या माणसांना सांगतात आणि मी ऐकू न आल्यासारखं करतो. त्यामुळे पुसट गोष्टी शोधणं हा माझा हातखंडा प्रयोग आहे, अशी माझी समजूत होती. अशा समजुती माणसाने घराबाहेर नेऊ नयेत.

मोहिमेची बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. सेक्रेटरींनी खिशातून मोबाईल काढला, दोनदा बोट फिरवलं आणि ती दीर्घिका शेपटासकट माझ्यापुढे धरली. "घ्या. पाठवून देऊ? एवढ्यासाठी कशाला गच्चीवर जागायचं?" मी तो फोटो ताईला दाखवला नव्हता असं नाही. तिने तो डोळ्याजवळ नेऊन बघितला होता आणि म्हणाली होती, "चांगला आहे. पण हा उजेड फोटो काढणाऱ्यांच्या घरावर पडलेला. आपल्या घरावर पडतो तो कुठे आहे?" हे सेक्रेटरींना समजावण्यात अर्थ नव्हता. ज्या माणसाला पाण्याच्या टाकीचा हिशेब समजत नाही त्याला हे काय समजणार.

गच्ची वापरायची तर समितीची परवानगी हवी. समितीची सभा झाली. माझ्याकडे मोठी लेन्स असलेला कॅमेरा आहे हे कळताच तिथे जो उत्साह संचारला तो दीर्घिकेबद्दल नव्हता. ठराव असा झाला की मी गच्ची वापरावी आणि मोबदल्यात इमारतीच्या सगळ्या गळत्यांचे फोटो काढून द्यावेत. पुढचे कितीतरी रविवार मी लोकांच्या न्हाणीघरांत स्टुलावर उभा राहून छताचे ओले डाग टिपत होतो. त्यातल्या काही डागांना सुरेख वळणदार शेपटं होती, हे मला कबूल केलं पाहिजे. मालक शेजारी उभे राहून "जरा वरचा पोपडा पण येऊ द्या" म्हणत, आणि एका काकांनी तर डागाशेजारी उभं राहून स्वतःचाही काढून घेतला.

मग गच्चीवर दुसरं सरकार होतं, ते म्हणजे वरच्या मजल्यावरच्या काकू. गच्चीवरच्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या त्यांच्या, त्या दोऱ्यांखालची जमीन त्यांची आणि वरचं आभाळही बहुधा त्यांचंच. दुर्बीण ताऱ्यांबरोबर सरकत राहावी म्हणून तिच्या बैठकीला मोटर असते, आणि ती बैठक आधी ध्रुवताऱ्याशी जुळवावी लागते. ध्रुवतारा सगळीकडून पाण्याच्या टाकीआड जात होता, फक्त काकूंच्या दोऱ्यांमधून दिसत होता.

"हा तारा हलतो का?" काकूंनी विचारलं.

"नाही काकू. तोच एक जागेवर असतो."

"मग रोज काय बघायचा? एकदा बघून ठेवा."

मी वाद घातला नाही. एक दोरी सोडून जागा मिळाली आणि कपडे दुर्बिणीला लागता कामा नयेत ही जबाबदारी माझ्यावर पडली. लोकांच्या ओल्या परकरांखालून वाकून विश्वाच्या अंतरंगात शिरणारा मी पहिलाच माणूस नसेन, पण त्यातला सर्वांत अवघडलेला नक्कीच असेन.

आणि एवढं करून पहिल्या संध्याकाळी जो फोटो आला तो पांढराफटक. गल्लीच्या तोंडाशी दिव्याचा खांब आहे, त्याचा उजेड खाली कमी आणि वर जास्त. दीर्घिकेची चाती कशीबशी दिसली, शेपटाचं नाव नको. मी म्हटलं, सरळ मार्गाने जाऊ. रीतसर अर्ज करू. माणसाचं वाईट व्हायचं असलं की त्याला रीतसर अर्ज सुचतो.

वीज खात्याच्या ऑफिसात खिडकीमागे एक बाई होत्या. कंटाळलेल्या पण मनाने चांगल्या. त्यांचा चांगुलपणाच मला पुढे भोवला.

"काय तक्रार?"

"गल्लीतला दिवा."

"बंद आहे?"

"नाही, चालू आहे."

बाईंनी मान वर केली. "मग?"

"तेच. चालू आहे."

"हे बघा," त्या समजुतीने म्हणाल्या, "दिवा बंद, दिवा लुकलुकतो आणि दिवा मंद, एवढंच आम्हाला घेता येतं. दिवा चालू असल्याची तक्रार होत नाही."

"मला त्याला फक्त वरून एक टोपी बसवून हवी आहे. उजेड खाली जावा, वर जाऊ नये."

"का? वर काय आहे?"

"वर दीर्घिका आहे."

"कितव्या मजल्यावर?" पेन सरसावून त्यांनी विचारलं.

मी ताईचं, शेपटाचं, डॉक्टरांचं, सगळं सांगितलं. मागे रांग वाढत होती. बाईंना माझी दया आली असावी. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "असं करते, 'मंद' मध्ये टाकते. त्यात माणूस लगेच येतो. तो आला की त्याला तोंडी सांगा टोपीचं." मी त्यांचे मनापासून आभार मानले.

माणूस खरोखरच लगेच आला. मी कामावर असताना आला. शिडीची गाडी आली, जुना दिवा उतरला आणि त्या जागी असा दिवा चढला की त्या संध्याकाळी गच्चीवर उभं राहून मला तळहातावरच्या रेषा स्वच्छ वाचता आल्या. भविष्य काही चांगलं दिसेना. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. आमच्या दिव्याखाली तोही उरला नाही. मी पुन्हा धावत खिडकीशी गेलो तर बाई हसून म्हणाल्या, "आला ना माणूस?" आणि नव्या दिव्याविरुद्ध त्याची हमी संपल्याशिवाय कुठलीच तक्रार घेता येत नाही असंही त्यांनी सांगितलं.

इकडे गल्ली माझ्यावर खूश. वर्षानुवर्षं सगळे दिव्यासाठी बोंबलत होते आणि कुणी ऑफिसची पायरी चढलं नव्हतं. सेक्रेटरींना कुठूनशी अर्जदाराच्या नावाची खबर लागली आणि त्यातूनच तो सत्कार उगवला. माझी ताई पहिल्या रांगेत भिंतीकडे तोंड करून बसली होती, म्हणजे तिला मी नीट दिसत होतो. 'एकट्याने झुंजलेला माणूस' ऐकल्यावर ती इतकी हसली की तिच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. बायको पदराआड खोकत होती. मी फुलं छातीशी धरून उभा होतो.

घरी आल्यावर ताईने फुलं मागून घेतली. समोर धरली. मग थोडी बाजूला नेली, आणखी थोडी बाजूला नेली.

"मधली नाही दिसत आता," ती म्हणाली. "कडेची सुंदर आहेत."

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आधीच ती दीर्घिका रोज थोडी पश्चिमेला कलत होती, काही आठवड्यांत संधिप्रकाशात बुडणार होती आणि मग पुढच्या वर्षाशिवाय भेट नाही. दीर्घिकेला पुढचं वर्ष काय, पुढची लाख वर्षं आहेत. ताईच्या उजव्या डोळ्याचं तसं नव्हतं.

मदत अशा ठिकाणाहून आली की मला अजून खरं वाटत नाही. काकू गच्चीवर आल्या, मी कठड्याला टेकून दिव्याकडे ज्या नजरेने बघत होतो ती नजर त्यांनी पाहिली आणि म्हणाल्या, "उजेड अडवायचा ना? मग दिव्याच्या काय विनवण्या करता? दोऱ्या कशाला आहेत?" त्या खाली गेल्या आणि घरातली होती नव्हती तेवढी ब्लँकेटं आणि जाड चादरी घेऊन आल्या. सगळ्या दोऱ्यांवर त्या टाकल्यावर दुर्बिणीभोवती एक खोलीच तयार झाली, वरून उघडी. आत अंधार होता. खरा, जुन्या घराच्या छपरावर असायचा तसा. मी तिथे उभा राहिलो आणि मला एकदम लहानपणची ताई आठवली, दोन वेण्या घातलेली, माझी मान धरून वर वळवणारी.

"हे तुमच्या ताईंसाठी," काकू म्हणाल्या. "त्या दिव्यासाठी तुमचा सत्कार झाला त्याचं मला काही कौतुक नाही. माझ्या खोलीत झोप येत नाही आता."

पुसट गोष्टीचा फोटो एका झटक्यात येत नाही. तासन्तास उजेड गोळा करायचा, असे पुष्कळ फोटो काढायचे आणि संगणकाने त्यांची बेरीज करायची. मी तशी बेरीज केली, अंधूक भाग उजळवला, आणि दीर्घिकेच्या अंगातून शेपूट निघालं. स्पष्ट, लांब, पुस्तकातल्यासारखं वरच्या बाजूला गेलेलं. मी खुर्चीतून उठलो तो थेट जिना उतरून सेक्रेटरींच्या दारात. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे मी बायकोसमोर बोललो नसतो तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी कामाचा माणूस. दुसऱ्या दिवशी फोटो हातभर मोठा छापून खालच्या फलकावर लागला, 'आपल्या सोसायटीची दीर्घिका' या शीर्षकासह. ताईला मी हाताला धरून खाली नेलं. ती फलकाशेजारच्या मीटरच्या पेट्यांकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पण रेघ फार सरळ आहे रे, छोट्या. कुणी जाताना इतकं सरळ जात नाही."

मला राग आला. आता हे सांगायला मला लाज वाटत नाही, कारण पुढे जे झालं त्यापुढे ही लाज किरकोळ आहे. माझ्या मनात आलं, इतका खटाटोप केला आणि हिला रेघ सरळ वाटते.

कारखान्यात मात्र माझं लक्ष लागेना. आमच्या कामातला एक साधा नियम आहे: एकच ओरखडा प्रत्येक बुचावर दिसला, तर दोष बुचात नसतो, साच्यात असतो. बुचं समोरून जात होती आणि हा नियम माझ्या डोक्यात घुटमळत होता. संध्याकाळी मी दुर्बीण आकाशाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे वळवून फोटो काढला. रिकाम्या आकाशालाही शेपूट होतं. दुसऱ्या कोपऱ्यालाही होतं. चंद्राकडे वळवली असती तर त्यालाही फुटलं असतं. दोन ब्लँकेटांमध्ये बोटभर फट राहिली होती, तीतून दिव्याची तिरीप थेट नळीत शिरत होती. गल्लीत उजेड आणणाऱ्या माणसाने गल्लीतल्या दिव्याचाच फोटो काढून फलकावर लावला होता.

मी तो उतरवायला गेलो तर सेक्रेटरींनी हात धरला. "राहू द्या हो, लोकांना आवडलाय. आणि दिवा तरी कुणाचा? आपलाच ना?" फोटो अजून तिथेच आहे. पाहुण्यांना दाखवला जातो तेव्हा मी जिन्याकडे बघत निघून जातो.

मग ब्लँकेटांच्या फटींना कपड्यांचे चिमटे लावले आणि पुन्हा सुरुवात केली. कॅमेऱ्याची वायर चादरीत अडकत होती म्हणून कॅमेरा उलटा फिरवून बसवला आणि त्याचं पुढे भानही राहिलं नाही. कधी ढग आले, कधी वाऱ्याने चादरी शिडासारख्या फुगल्या आणि काकू आणि मी दोन टोकांना लोंबकळत राहिलो. दीर्घिका रोज खाली सरकत होती. शेवटी ती समोरच्या इमारतीच्या कठड्याला टेकली आणि संपलं. जेवढा उजेड मिळाला तेवढा मिळाला.

बेरीज केली. चाती सुंदर आली होती. शेपूट नव्हतं. मी फोटो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला, इंच इंच तपासला, बुचं तपासतो तसा. मॅनेजर ज्या नजरेची ख्याती सांगतात ती नजर लावून मी बसलो आणि मला काळा रंग सोडून काही दिसेना. जिथे डोळा रोवावा तिथे नुसता काळोख.

संगणकावर ब्रश असतो. एक हलकी, वळणदार रेघ ओढायला कितीसा वेळ लागतो? ताईने पुस्तकात पाहिलं होतं तसंच काढलं असतं. तिला कळलंही नसतं. पण तिला कळलं नसतं, याच एका कारणाने माझा हात चालेना. बायको मागे येऊन उभी होती. ती म्हणाली, "जे आलंय ते दाखवा. तुमच्या ताई आहेत त्या, मॅनेजर नाहीत."

मी खोलीतला दिवा मालवला. बाहेरच्या दिव्याचा उजेड खिडकीतून आत येत होता, म्हणून काकूंचं एक ब्लँकेट खिडकीच्या पडद्यावर टाकलं. ताईला संगणकासमोरच्या खुर्चीत बसवलं.

"ताई, नाही आलं गं शेपूट," मी म्हणालो. "खूप प्रयत्न केला."

तिने तोंड बाजूच्या भिंतीकडे वळवलं आणि नुसती बसून राहिली. मला वाटलं तिला वाईट वाटलंय.

"आलंय की," ती म्हणाली.

"उगाच माझं मन राखू नकोस."

"मी कधी राखलंय तुझं मन?"

हे खरं होतं. तिने भिंतीवरची नजर न हलवता हात पुढे केला आणि बोटाने हवेत रेघ काढली, तिच्या न हलणाऱ्या हाताने. "इथून निघतं. असं जातं, मोठीच्या पोटाखालून वळतं आणि इकडे विरतं. फार हळू विरतं रे." बोट थांबलं. "पण एक गंमत आहे. पुस्तकात ते वर गेलं होतं. तुझ्या फोटोत खाली जातंय. काहीतरी उलटं केलंयस तू."

मी उलटा बसवलेला कॅमेरा कुणालाच सांगितला नव्हता. मीच तो विसरलो होतो. चाती उलटी केली तरी चातीच दिसते, पण शेपटाची दिशा फिरते, आणि पुस्तकावरून आठवून सांगणाऱ्या माणसाने ते वरच गेलेलं सांगितलं असतं.

मी संगणकाच्या पडद्यावर त्या जागी डोळे रोवले. काही नाही. आणखी रोवले. काहीच नाही. शेवटी हरून मी ताईकडे पाहिलं. अंधारात तिचा चेहरा अर्धवट दिसत होता, भिंतीकडे वळलेला, छपरावर बसायची तेव्हासारखा शांत. आणि तिच्याकडे बघत असताना माझ्या नजरेच्या कडेला, पडद्याच्या खालच्या भागात, काहीतरी करडं, वळत गेलेलं जाणवलं. मी झटकन तिकडे पाहिलं तर ते गेलं. पुन्हा ताईकडे पाहिलं. पुन्हा आलं.

जे फार पुसट असतं ते डोळ्याच्या मध्याला दिसत नाही, कडेला दिसतं. आकाश बघणारे सगळे हे जाणतात, मीही कुठेतरी वाचलं होतं. ताईला मात्र आता दुसरी कुठली नजरच उरली नव्हती. मी तसाच तिच्याकडे बघत राहिलो, कारण तिच्यावरून नजर काढली की शेपूट जात होतं.

बायको चहा घेऊन आली आणि दारात थबकली. "काय हो, दोघं दोन भलतीकडे तोंडं करून बसलाय? भांडलात का?"

"फोटो बघतोय," ताई म्हणाली.

"अंधारात? दिवा लावू?"

"नको," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

तिने कप खाली ठेवले आणि खुर्ची ओढून ताईशेजारी बसली. पडद्याकडे बघून तिने डोळे बारीक केले. "कुठे बघायचं, ताई?"

"पडद्याकडे नको. माझ्याकडे बघ."

बायको ताईकडे बघू लागली. चहा निवत होता. मग बायकोने ताईवरची नजर न काढता हळूच विचारलं, "खाली जातंय, तेच ना?"